विलंब माफीचा अर्ज

सांगली
5 ऑक्टोबर 2025

प्रिय बाळ्या,

तुझ्या मेसेजना उत्तर दिलं नाही, तू चिडला असशील. चीड. फोन करणार होतो, पण तुझा फोन कायम गाडीत स्पीकरवर. मध्येच वहिनी "भावोजी, कसे आहात?" विचारतात, मी "मजेत" म्हणतो आणि मुद्द्याचं राहून जातं. शिवाय तू मध्ये बोलतोस. तू मध्ये बोललास की मी युक्तिवादाला उभा राहतो आणि आपण दोघं 2007 सालात जाऊन पडतो. आज तिथं जायचंच आहे, पण माझ्या वाटेनं.

तब्येत: शुगर आटोक्यात, गुडघा आहे तसा. हिची पाठ बरी. झालं.

आता ऐक. आपल्या सीनिअरकडं, तात्यांकडं, एक मॅटर आहे, तू त्यांचं ऑफिस सोडून गेल्यानंतरची. पेठेत वह्या-पुस्तकांचं दुकान असलेल्या एक बाई. ऑगस्ट 2019 च्या पुरात दुकान बुडालं. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाशी 45 फुटांना धोक्याची पातळी. त्या वेळी पाणी कुठं गेलं होतं ते तू पुण्यात बसून टीव्हीवर बघितलंस, आम्ही गच्चीवरून. पाणी उतरल्यावर बाई दुकानाशी गेल्या तर शटर उघडेना. आतले वह्यांचे गठ्ठे फुगून शटरला भिडले होते. कापावं लागलं. विमा सहा लाखांचा, हप्ता एकही चुकलेला नाही. कंपनीनं काय मागावं? स्टॉक रजिस्टर. रजिस्टर दुकानात होतं आणि दुकान पाण्यात होतं. बाईंनी तसं कळवलं, तर कंपनीचं पत्र आलं की नोंदींच्या अभावी नुकसानीचा अंदाज करता येत नाही. शिवाय पॉलिसीवरचा घरनंबर आणि पंचनाम्यावरचा घरनंबर जुळत नाही. मधल्या काळात नंबर बदललेले, हे गल्लीतल्या पोरालाही माहीत होतं. तुझ्या विम्याच्या धंद्यातली माणसं पत्र काय लिहितात रे! एक विशेषण नाही, एक शिवी नाही, आणि माणूस वाचून खाली बसतो.

तात्यांनी मॅटर घेतली. फी घेतली नाही. "पुरात बुडालेल्याकडनं काय घ्यायची?" 2021 मध्ये जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दाखल झाली. तात्यांनी मागणी बरोबर पाच लाखांवर आणून बसवली. तोच हिशोब, तीच ऐट. कायदा म्हणतो, समोरच्याला नोटीस मिळाल्यापासून तीन महिन्यांत निकाल लावा. हे वाक्य मी नव्या ज्युनिअरला वाचून दाखवतो तेव्हा तो माझ्याकडं बघतो, मी खिडकीकडं बघतो. निकाल लागला मागच्या दिवाळीनंतर. तक्रार फेटाळली. निकालपत्र मी वाचलं, आणि खरं सांगायचं तर आयोगाला तरी काय दोष देणार, समोर कागदच नव्हता. पण राज्य आयोगाकडं अपील मजबूत होतं. सर्व्हेअर स्वतःच्या रिपोर्टात "वह्या भिजून निरुपयोगी" लिहितो आणि कंपनी म्हणते नुकसान किती ते कळत नाही, एवढ्या एका वाक्यावर तात्यांनी अर्धा तास घेतला असता.

मुदत 45 दिवस. ती जानेवारीत संपली. अपील दाखल नाही.

बाई दर महिन्याला तात्यांकडं जायच्या, तात्या म्हणायचे, "तारीख पडेल." त्या घरी यायच्या. शेवटी पुण्यात आयटीत असलेला त्यांचा पोरगा गणपतीत आला, त्यानं ग्राहक आयोगांच्या ई-जागृती पोर्टलवर आईचं नाव शोधलं, दहा वेळा ओटीपी टाकला आणि त्याला कळलं की अपील नावाची वस्तू पृथ्वीतलावर नाही. दुसऱ्या दिवशी तो माझ्या ऑफिसात. हातात तात्यांना पाठवायची नोटीस, मोबाईलला विचारून तयार केलेली. इंग्रजी असं की तुझी जळावी. खाली वकिलांच्या निष्काळजीपणावर सुप्रीम कोर्टाचे चार निवाडे. त्यातले तीन कोणत्याच कोर्टानं कधी दिलेले नाहीत. चौथा खरा होता, पण तो भाडेकरूच्या बाजूचा. त्याला एवढंच पाहिजे: तात्यांविरुद्ध ग्राहक आयोगात तक्रार, सेवेतली त्रुटी, दहा लाख भरपाई.

इथं तू हसलास. मला इथवर ऐकू आलं.

हो बाबा, तू जिंकलास. 14 मे 2024. न्या. बेला त्रिवेदी आणि न्या. पंकज मिथल. वकिलाची सेवा ग्राहक कायद्यात येत नाही, वकिली ही आपल्या जातीची एकटीच आहे, अशील वकिलाला सूचना देतो म्हणून ती वैयक्तिक सेवा. अशील सूचना देतो! आपल्या कोणत्या अशिलानं आपल्याला कधी सूचना दिली रे? दिली असली तर आपण ऐकली का? निकाल आला त्या दुपारी बाररूममध्ये पेढे आले. मी खाल्ला नाही. म्हणजे अर्धा खाल्ला. ग्राहकाच्या नावानं पोट भरणारे आम्ही, आमच्याविरुद्ध ग्राहकाला जाता येत नाही म्हणून पेढे! डॉक्टर मात्र 1995 पासून आत आहेत ते आतच. त्याच निकालात डॉक्टरांचाही फेरविचार करा म्हणून सुचवलं होतं. नोव्हेंबरात तिघा न्यायमूर्तींनी सांगितलं, गरज नाही. मिरजेतले माझे डॉक्टर मित्र त्यावर जे म्हणाले ते पत्रात लिहिण्यासारखं नाही.

2007 ची ती दुपार आठवते? राष्ट्रीय आयोगानं म्हटलं होतं वकीलही ग्राहक कायद्यात येतात, आणि सगळी बाररूम पेटली होती. तू टेबलावर हात आपटत होतास, "उद्या हरलेला प्रत्येक जण नोटीस काढेल!" आणि तात्या एकटे कोपऱ्यात बसून म्हणाले, "काढू दे की. आपण लोकांना नोटिसा काढतोच ना." कुणी त्यांच्याशी आठवडाभर बोललं नाही. तू तर त्यांच्याच ऑफिसात बसून त्यांच्याशी बोलत नव्हतास. ग्राहक पंचायतीच्या बिंदुमाधव जोशींना ऐकायला एसटीनं पुण्याला जाणारा माणूस तो, त्याला काय सांगणार? 1986 चा ग्राहक कायदा आला तेव्हा अख्ख्या बारमध्ये तो विकत घेऊन वाचणारे तात्या एकटे.

पण पोराला मी ह्यातलं काही सांगितलं नाही. सांगायची गरजच नव्हती. तात्यांनी फी घेतली नव्हती, आणि फुकट दिलेली सेवा ही कायद्याच्या व्याख्येतच बसत नाही. 2024 काय नि 2007 काय, आपण जिच्यावरून भांडलो ती सगळी चर्चा ह्या प्रकरणापुरती फुकट. बाई शेजारी बसल्या होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "मी दर दिवाळीला फराळ देत होते की." आता फराळ हा कायद्याच्या दृष्टीनं मोबदला होतो का? माझ्या मते चकलीचा पक्ष मजबूत आहे.

एक आडवाटेचं सांगतो, मग मुद्द्यावर येतो. 22 सप्टेंबरला जीएसटी उतरला. दुसऱ्या दिवसापासून लोक माझ्याकडं बिस्किटांचे पुडे घेऊन येतायत, "वकीलसाहेब, ह्यानं जुनाच भाव लावला." मी कायदा उघडून बघतो तर नफेखोरी तपासायची जी खास व्यवस्था होती, तिनं 1 एप्रिलपासून नव्या तक्रारी घेणंच बंद केलेलं. आधी दार बंद, मग भाव कमी. मी लोकांना 1915 चा हेल्पलाइन नंबर देतो आणि पुडा ठेवून घेतो. तुमच्याकडं वैयक्तिक आरोग्य विम्यावरचे अठरा टक्के शून्य झाले म्हणे. पुढच्या हप्त्याला खरंच तेवढे कमी होतायत का हे तू मला सांग, जाहिरात नको सांगू.

तर, तात्या.

मी खरं म्हणजे आधीच ओळखायला पाहिजे होतं असं ही म्हणते. 17 ऑगस्टला कोल्हापूरला हायकोर्टाच्या सर्किट बेंचचं उद्घाटन झालं, सरन्यायाधीश गवई आले होते. आपण कॉलेजात होतो तेव्हापासून ज्याच्यासाठी संप केले ते बेंच. आपल्या बारच्या दोन बस निघाल्या, तात्या पहिल्या सीटवर, कोट घालून, उकाड्यात. येताना जयसिंगपूरजवळ त्यांनी मला विचारलं, "उद्घाटनाला मुंबईहून कोण येणार म्हणालास?" मी हसलो, मला वाटलं टोमणा आहे. त्यांचे टोमणे तुला माहीत आहेत.

बाई आणि पोरगा गेल्यावर त्याच संध्याकाळी घरी गेलो. तात्या म्हणाले, "अपील दाखल आहे." मी म्हटलं, पोर्टलवर दिसत नाही. "पोर्टलवर काय दिसतं? आजवर कधी काय दिसलंय?" उठले, कपाटातून फाईल काढली, पान उघडून माझ्यापुढं ठेवलं. बाळ्या, मेमो तयार आहे. सर्व्हेअरच्या वाक्यावर चार मुद्दे, घरनंबरावर दोन, शेवटी "रजिस्टर सादर करता आले असते तर पूर आलाच नसता" असं एक वाक्य, जे ते युक्तिवादात म्हणतात आणि लिहीत नाहीत, ते ह्या वेळी लिहिलंय. खाली सही. सहीखाली तारीख, मुदतीच्या आतली. ह्या बारमध्ये आज असा मेमो लिहिणारं कुणी नाही, मी धरून.

मी विचारलं, "तात्या, हे गेलं कुणाबरोबर?"

चष्म्यावरून बघितलं. मी मूर्ख असल्यासारखं.

"बाळ्याकडं दिलंय की. मंगळवारी जाणार होता तो."

काकू चहा घेऊन उभ्या होत्या. त्यांनी ऐकलं. कप ठेवला आणि आत गेल्या. मी चहा प्यायलो. काय करणार? तात्या पुढं म्हणाले, "तो उशीर करतो, पण विसरत नाही."

म्हणून हे पत्र. हे फोनवर सांगण्यासारखं नव्हतं, गाडीत तर नाहीच. तू 2008 ला गेलास. विट्याच्या तारखेबद्दल आपण कधी बोललो नाही, आजही मला बोलायचं नाही. तात्या त्या अशिलापुढं हात जोडून "मीच चुकवली" म्हणाले तेव्हा दारात मी उभा होतो आणि माझ्यामागं तू होतास. एवढं पुरे.

आता माझी अडचण बघ. वकील म्हणून बघ, विमा कंपनीचा माणूस म्हणून नको. बाईंचं अपील अजून वाचतं. राज्य आयोगाला 45 दिवसांनंतरही पुरेसं कारण दिसलं तर विलंब माफ करता येतो. आपल्याकडं 1981 चा रफिक विरुद्ध मुन्शीलाल आहे: वकिलाच्या चुकीची शिक्षा निरपराध पक्षकाराला नको. तात्यांनी आपल्याला पहिल्या पावसाळ्यात पाठ करायला लावलेला. त्यांच्याकडं नोएडा प्राधिकरणाचा 2011 चा आहे: ग्राहक प्रकरणांत मुदत मुद्दाम कमी ठेवली आहे, ती सैल करत बसू नका. आता कंपनीचा वकील उभा राहून काय म्हणेल ते मी तुला आत्ताच सांगतो, कारण मी त्याच्या जागी असतो तर तेच म्हटलं असतं: "पूर्वीच्या वकिलावर ढकलायची ही फॅशन झाली आहे. त्या वकिलाचं शपथपत्र कुठं आहे? बार कौन्सिलकडं तक्रार केली का? केली नाही, म्हणजे तक्रार खरी नाही."

ह्याचा अर्थ तुला कळतो. बाई तात्यांना जेवढं जास्त दुखावतील तेवढा त्यांचा अर्ज भक्कम. वकिलांच्या कायद्याच्या कलम 35 खाली बार कौन्सिलकडं तक्रार ठोकली, तर विलंब माफ व्हायची शक्यता वाढते. पोराला हे अजून कळलेलं नाही. मोबाईलनं एवढं सांगितलं नसावं. आणि मी बाईंचा वकील. मला हे त्यांना सांगायला पाहिजे. सांगितलं नाही तर तात्यांनी मला काय शिकवलं?

शपथपत्र तात्या देणार नाहीत. अपील दाखल आहे असं त्यांना वाटतं. मग दाखल करायचं राहिलं असं ते शपथेवर कसं सांगतील? "खोटं प्रतिज्ञापत्र मी करणार नाही," हे त्यांनी मला ऐकवलं, आणि त्यांच्या बाजूनं ते शंभर टक्के बरोबर आहे. दुसरा रस्ता डॉक्टरचा दाखला. काकूंना म्हटलं, मिरजेला एकदा दाखवू. काकू म्हणाल्या, "वयोमानाप्रमाणे आहे." मुलगी बंगळुरूहून फोनवर म्हणते, "काका, प्लीज, हे कुठं लिहिलं जाऊ नये." आणि लिहिलं की जाणारच. अर्जावर आदेश होणार, आदेशात कारण येणार, आदेश वेबसाइटवर चढणार. पूर्वी असला कागद रेकॉर्डरूममध्ये वाळवी खायची. आता तात्यांचं नाव टाकलं की पहिलं तेच दिसणार, पन्नास वर्षांचं काम राहील खाली कुठंतरी.

पन्नास वर्षांवरून. सनद 1975 ची, म्हणून दिवाळीनंतर बार त्यांचा सत्कार करतेय. मानपत्र कुणी लिहायचं? मी. अध्यक्ष म्हणाले, तुमच्याइतकं जवळून कुणी पाहिलंय? तेव्हा सध्या माझ्या लॅपटॉपवर दोन फाईली उघड्या असतात. एकीत "पक्षकाराच्या हिताविषयी अखंड जागरूक", दुसरीत "अपीलकर्तीच्या पूर्वीच्या विधिज्ञांच्या अनवधानाने". काल एकातला मजकूर दुसरीत चिकटवला गेला होता. ज्युनिअरनं दाखवलं, आणि हसायचं की नाही ते त्याला कळेना.

परवा मी चिडून ठरवलं होतं की सरळ लिहायचं, "विस्मरणामुळे", पूर्णविराम. ते वाईट आहे का? माणूस म्हातारा होतो. विजयनगरच्या कोर्टात रोज आम्ही लिहितो की अशील आजारी होता, वृद्ध होता, अडाणी होता. वकील कधी म्हातारा झाला म्हणून लिहीत नाही. आमच्या धंद्यात निवृत्तीचं वय नाही, कोर्टातल्या कारकुनाला आहे. न्यायाधीशाला आहे. विद्यार्थ्याला सनद देताना परीक्षा घेतात, नंतर पन्नास वर्षं कुणी विचारत नाही. आणि ज्या निकालानं आम्हाला ग्राहक कायद्यातून सोडवलं, त्यानंच बाईंसारख्यांना दिवाणी कोर्टाचा रस्ता दाखवला, जिथं कोर्ट फी भरायची आणि नातवाची वाट बघायची. हे मी तुला 2007 सालच्या भांडणाचं उत्तर म्हणून लिहितोय असं समज. लिहायला उशीर झाला, तर अर्ज जोडतो.

त्या मथुरेच्या वकिलाचं वाचलं होतंस ना, रेल्वेनं तिकिटाला वीस रुपये जास्त घेतले म्हणून 1999 ला गेला आणि 2022 ला जिंकला? तात्यांनी ते कात्रण टेबलाच्या काचेखाली ठेवलंय. अजून आहे. मी गेलो तेव्हा त्यांनी ते मला नव्यानं वाचून दाखवलं, आणि मजा म्हणजे त्यातला व्याजाचा दर न बघता सांगितला. बारा टक्के. बरोबर.

एक मागणं आहे. वसुबारसेच्या आधी एक दिवस ये. तू आल्यावर काय होईल मला माहीत नाही. कदाचित ते तुला विचारतील, "दाखल केलंस?" तू काय उत्तर द्यायचं ते तूच ठरव, मी शिकवणार नाही, साक्षीदार शिकवलेला आपल्याला चालत नाही. पण तुझं ऐकून ते मिरजेला येतील. माझं ऐकत नाहीत, मी त्यांच्यासमोर अजून ज्युनिअर आहे. आणि दाखला मिळाला तर बार कौन्सिलची गरज पडत नाही, पोराला मी गप्प करतो, अर्ज दोन ओळींचा होतो. मुलीला तू समजाव. ती तुला मामा म्हणायची.

बाई काल येऊन गेल्या. म्हणाल्या, "तात्यांचं नाव खराब होणार असेल तर राहू द्या पाच लाख." मी म्हटलं, हे पोरासमोर म्हणू नका, आणि माझ्यासमोर तर अजिबात नको, मी तुमचा वकील आहे. वकीलपत्रावर त्यांची सही घेतली. फी घेतली, शंभर रुपये, पावतीसह. त्यांनी का म्हणून विचारलं. मी म्हटलं, उद्या माझ्याविरुद्ध जायचं झालं तर निदान फुकट सेवा तरी म्हणायला नको. त्या हसल्या नाहीत.

तुझं काय? लेकीचा प्रवेश कुठं झाला ते नीट कळव, तुझ्या मेसेजवरून कळलं नाही, नुसते फटाके होते. वहिनींच्या आईचं मोतीबिंदूचं झालं असेल. नोकरीचं ते प्रमोशन घे रे, नाटकं करू नकोस. घराचा ताबा मिळाला की बिल्डरचं अजून "पुढच्या तिमाहीत"? कागद पाठव, बघतो. फी लागेल.

तुझा,
(अजून तरी) वकील

ता. क. कंपनीच्या वकिलाचं नाव मुद्दाम लिहिलेलं नाही. तुला कळलंच असेल, तुमच्या पॅनेलवरही तो आहे. अर्जाला फार विरोध करू नको असं त्याला कुणी सांगावं, असं मी म्हणत नाही. तू काही करू नकोस. केलंस तर मला सांगू नकोस.